ट्रेडमिलवरची ओवी

दोन वर्षांपूर्वी माझी शुगर काठावर आली. आई मधुमेहानंच गेलेली. डॉक्टर म्हणाले, ‘‘रोज चाला.’’ पण पहाटे डबे आणि पाण्याची घाई, नंतर आमच्या हिंगोलीचं ऊन! शेवटी ह्यांनी ट्रेडमिल आणली. आठ दिवस घरभर कौतुक झालं. पंधराव्या दिवशी तिच्या दांडीवर टॉवेल वाळत होते.

कारण एकच, कंटाळा. समोर भिंत, कानात घरघर. तासभर चालले असं वाटावं आणि बघावं तर सात मिनिटं! सासूबाई म्हणायच्या, ‘‘दिवसभर तुझ्या पायाला भिंगरी, वर आणखी हे कशाला गं?’’ मलाही तेच पटायचं. पण पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली. आईचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे आलं आणि पोटात धस्स झालं.

मग लेकीनं एक गंमत वाचून दाखवली. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरनं तुरुंगासाठी पायानं फिरवायचं एक मोठं चाक केलं. कैद्यांनी त्याच्या पायऱ्या तासन्‌तास चढायच्या. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जाई. आपसांत बोलायची मात्र बंदी. १८९८ च्या कायद्यानंतर ती शिक्षा मोडीत निघाली. त्या चाकाचं नाव ट्रेडमिल!

दळण म्हटलं आणि मला औंढ्याकडची आजी आठवली. तिचं जातंही एका जागीच गरगरायचं. पण आजी गप्प कुठे बसायची? माहेर, भाऊ, विठ्ठल, नामदेव, सासुरवास, सगळं ओवीत यायचं आणि दळण कधी संपलं ते कळायचं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी कंटाळ्यावर शोधलेलं हे औषध, आणि आपण भिंतीकडे बघत बसतो!

मी टॉवेल दांडीवरून काढला आणि आकड्यांच्या पडद्यावर टाकला. सुरक्षेची क्लिप मात्र साडीऐवजी घातलेल्या कुर्त्याला न चुकता लावते. पहिली पाच मिनिटं हळू चालत आजीच्या ओव्या गुणगुणते. मग वेग वाढवते. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर आहे असं समजायचं. तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून परभणीच्या जावेशी गप्पा. शेवटी पुन्हा हळू. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते; म्हणजे पाच दिवस अर्धा तास.

आणि रोजचं अंतर कॅलेंडरवर लिहिते. इथून औंढा नागनाथ पंचवीसेक किलोमीटर. रोज दोन किलोमीटर धरून तेराव्या दिवशी मी ‘पोचले’, आणि त्या रविवारी एसटीनं खरोखर दर्शनाला गेले. आता नर्सी नामदेवची वाट धरली आहे.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच चालू आहेत, पण शुगर खाली आली आहे. परवा सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘ती भावाची ओवी म्हण की गं, माझी आईपण म्हणायची.’’

तेव्हा मैत्रिणींनो, दांडीवरचे टॉवेल आधी काढा!