जुन्या गाडीचं विसरलेलं तेल

इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं तेल मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ओम्नी, मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांत ही दोन तेलं वेगळी असतात.

कांजूरमार्गला एलबीएस मार्गावर तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर आधी डिफरन्शिअल तपासा. गरम हाउसिंग पाण्यात अचानक थंड झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरवाटे पाणी खेचलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर ते लगेच बदलायचं.

काम सपाट जागी, थोडी गाडी चालवून तेल कोमट झाल्यावर करावं. वरचा भरायचा बोल्ट आधी सोडवा. तो गंजून अडकला आणि खालून तेल काढून झालं असेल, तर गाडी जागेवरच अडकते! निचऱ्याच्या बोल्टवर बारीक करडा लगदा असणं ठीक. चमकते तुकडे दिसले तर दात झिजलेत. नवं तेल भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा.

डिफरन्शिअलचं जीएल-५ तेल गिअरबॉक्समध्ये सरसकट ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल वापरा, आणि काढलेलं तेल गटारात मुळीच ओतू नका.