'बोलेरो' : धून तीच, ऐकणारा वेगळा

मागच्या वेळी आपण सवयीबद्दल बोलत होतो. तोच धागा आज संगीतात नेऊया. उदाहरण घेऊ मॉरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या 'बोलेरो'चं. इडा रुबिनस्टाइन या नर्तिकेसाठी त्यानं ते लिहिलं. पहिला प्रयोग नोव्हेंबर १९२८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात झाला.

पंधरा-एक मिनिटांची ही रचना. तिच्यात आहे काय? स्नेअर ड्रमवर सहा मात्रांचा एक ठेका. तो १६९ वेळा वाजतो. त्यावर दोन धुना, प्रत्येकी नऊ वेळा. धुनेचा विस्तार नाही, लय वाढवायची नाही. आपल्या तबल्याच्या एकलवादनात लेहरा तोच राहतो, पण तबला नवं बोलत असतो. इथे ठेकाही तोच, धूनही तीच! मग लोक कंटाळून उठून का जात नाहीत?

बघा, बदलतो तो रंग. आधी एकटी बासरी, अगदी हळू. मग क्लॅरिनेट, मग बासून, पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. व्हायोलिनच्या हाती धून येते ती तब्बल बारा फेऱ्या झाल्यावर. आवाज चढतो, पण कुणी एकजण जोर लावतो म्हणून नव्हे. फेरीगणिक वाद्यं मिसळत जातात, पायरी पायरीनं.

डेव्हिड ह्यूम १७३९ च्या आपल्या ग्रंथात म्हणतो, त्याचा आशय असा : पुनरावृत्तीनं वस्तूत काही बदलत नाही, बदलतं ते पाहणाऱ्याचं मन. तिथे अपेक्षा तयार होते. 'बोलेरो' ऐकताना नेमकं हेच घडतं. धून पाठ झाली की कान मोकळा होतो, आणि आता पुढे काय, ही ओढ आपल्यातच वाढत जाते.

आणि मग शेवटाजवळ, फक्त आठ बारांपुरता, इतका वेळ न हललेला 'सा' एकदम वर, गंधाराच्या जागी सरकतो. लगेच परत येतो आणि सगळा डोलारा कोसळतो. हाच बदल दुसऱ्या मिनिटाला केला असता, तर कुणाला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. त्या धक्क्याची किंमत आपण चौदा मिनिटं ऐकून मोजलेली असते.

'तेच ते' म्हणून आपण पुष्कळदा ऐकणंच सोडून देतो, रोजच्या जगण्यातही. म्हणून एक करा. पुढच्या वेळी 'बोलेरो' लावाल तेव्हा धून सोडा, फक्त ड्रमवर कान ठेवा. तो शेवटपर्यंत तोच आहे. तुम्ही तेच राहता का, ते बघा.