संक्रांतीचे पत्र आणि घरची चिकटवही



संक्रांत आली की आपण तिळगूळ वाटतो. जवळच्या माणसाच्या हातावर ठेवतो. पण लेक लांब दिलेली असते. मुलगा नोकरीला परगावी असतो. त्यांना तिळगूळ कसा द्यायचा? पूर्वी यावर एक चांगली तोड होती. दुकानात संक्रांतीची भेटपत्रे मिळत. त्यांवर पतंग, सुगडे, हलव्याचे दागिने अशी रंगीत चित्रे असत. खाली दोन-चार ओळी छापलेल्या असत. लोक ते पत्र पाकिटात घालत आणि सोबत हलव्याचे चार दाणे पुडी बांधून टाकत. पुडी पोचेपर्यंत हलव्याचा काटा मोडून जाई. पण कोणी तक्रार करत नसे.

आता शुभेच्छा मोबाईलवर येतात. एकच चित्र दहा जणांकडून येते. आपण ते बघतो आणि पुसून टाकतो.

छापील भेटकार्डाची रीत जगात फार जुनी नाही. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात त्यांना ढीगभर पत्रे येत. प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ कुठला? त्यांनी जॉन हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याची सुमारे हजार कार्डे छापली. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती. मजुराला ती परवडणारी नव्हती. म्हणजे पाहा, छापील कार्ड निघाले ते लिहिण्याचे काम वाचवायला. आपले अगदी उलट आहे. आपण लिहायला नुकते शिकलो आहोत. आपल्याला लिहायचेच आहे. म्हणून आपले कार्ड आपणच करावे.

आमच्या घोटावड्याच्या वर्गात हा विषय काढला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "गुरुजी, इकतचं कार्ड कसं झ्याक दिसतंय. आपलं वेडंवाकडं कशाला धाडायचं?" आम्ही विचारले, "काकू, लेकीला भाकरी धाडायची झाली तर हॉटेलातून धाडाल का?" काकू हसल्या. कात्री घेऊन बसल्या.

आता कृती. ड्रॉइंगचा जाड कागद घ्या. वीस सेंटिमीटर लांब आणि चौदा सेंटिमीटर रुंद असा तुकडा कापा. मधोमध घडी घाला. झाले कार्ड. पण घडी घालण्याआधी एक गोष्ट बघा. यंत्रावर केलेल्या कागदात बारीक तंतू असतात आणि ते बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून पाहा. एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. जिकडे सहज वाकतो तिकडे घडी घालावी. नाही तर घडीवर कागद फुटतो आणि भेगा दिसतात. घडी बोटाने दाबू नका. चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत बांगडीने दाबा.

नक्षीचा कागद विकत आणायची गरज नाही. घरात तो पडलेलाच असतो. लग्नसराईत पत्रिकांचा ढीग येतो. त्यांचा कागद जाड, रंगीत, सोनेरी वेलबुट्टीचा असतो. अगरबत्तीचे खोके, साडीचे खोके, जुन्या कॅलेंडरची पाने, सगळे चालते. (पत्रिकेवर देवाचे चित्र असेल तर ते कापावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या घरात कापत नाहीत.) नक्षी स्वतः करायची असेल तर भेंडी आडवी कापा. तिचे तोंड रंगात बुडवून कागदावर टेकवा. पाच पाकळ्यांचे फूल उठते. बटाटा कापून त्यावर चाकूने पतंगाचा आकार कोरला की तोही ठसा होतो. पिंपळाचे पान पाण्यात काही आठवडे कुजत ठेवले आणि मग मऊ ब्रशने हळूच धुतले, की नुसती शिरांची जाळी उरते. ती वाळवून कार्डावर लावली तर इतकी सुरेख दिसते की बाकी काही नको. बायकांना ठिपक्यांची रांगोळी हातची येते. तीच पेनाने कागदावर काढावी. चुलत्याच्या पत्रावर एक आणि मावशीच्या पत्रावर दुसरी.

टिकल्या, जर, साडीची किनार, चमकी हे सारे बेताने लावावे. काही कार्डे आम्ही अशी पाहिली की वरातीचा घोडा बरा. आणि मजकुराला जागाच नाही! कार्डात निम्मी जागा लिहिण्यासाठी मोकळी ठेवावी. जाड मणी किंवा आरसे लावू नयेत. पोस्टात पाकिटांवर शिक्का मारतात, ती एकमेकांवर रचतात. त्यात मणी फुटतात आणि पाकीटही फाटते.

लिहायचे काय? "गोड बोला" हे सगळेच लिहितात. ते लिहाच, पण खाली घरची खबर लिहा. वर्गातल्या त्या काकूंनी लेकीला लिहिले, की भात झोडून झाला, आंबेमोहोर यंदा बरा उतरला, गाईला कालवड झाली, तुझी लई सय येती. आम्ही शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या. "लई सय येती" मात्र तसेच ठेवले. ती चूक नव्हे, ती त्यांची बोली आहे. लेकीला त्यात आईचा आवाज ऐकू येईल.

पाकिटावर पत्ता स्वच्छ लिहा. पिनकोडचे सहा आकडे विसरू नका. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे मराठी गृहस्थ पोस्टखात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडितही होते. गावांची नावे सारखी असतात, भाषा निरनिराळ्या असतात, पण आकडा चुकत नाही. पाकीट पोस्टात वजन करून घ्यावे आणि तेवढे तिकीट लावावे. तिकीट कमी पडले तर लेकीला दंड भरावा लागेल.

आता पुढची गोष्ट. लेकीचे उत्तर आले. ते ठेवायचे कुठे? खुंटीच्या तारेत अडकवले तर धूर आणि धूळ खाते. डब्यात टाकले तर उंदीर. त्यासाठी घरात एक चिकटवही असावी. चिकटवही म्हणजे कोऱ्या जाड पानांची वही. तिच्यात पत्रे, फोटो, राखी, लग्नपत्रिका, मुलाच्या बक्षिसाचा कागद असे लावून ठेवायचे आणि शेजारी हाताने लिहायचे. अमेरिकेत मार्क ट्वेन नावाच्या मोठ्या विनोदी लेखकाला हा इतका नाद होता की 1873 साली त्याने आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचा हक्क सरकारातून मिळवला. पान ओले करायचे की चिकटले. लेखकाने केलेले ते एकच पुस्तक असे असेल, की ज्यात वाचायला काहीच नव्हते!

वही करताना कागद नीट निवडा. वर्तमानपत्राचा तुकडा उन्हात चार दिवस ठेवून पाहा. पिवळा पडतो. तो कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. लाकडातले एक द्रव्य त्यात उरते आणि उजेडाने व हवेने ते पिवळे पडते. सुती चिंध्यांचा कागद तसा होत नाही. पेशव्यांच्या वेळची मोडी कागदपत्रे पुण्याच्या दफ्तरात आजही वाचता येतात. ती हातकागदावर लिहिलेली आहेत. त्या काळी जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद नावाजलेला होता. पुढे गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी 1940 साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. या कामात सुती कापडाची कातरण बारीक करतात, पाण्यात तिचा लगदा करतात, जाळीच्या चौकटीवर तो उचलतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. झाड तोडावे लागत नाही. असा कागद थोडा महाग पडतो. सगळी वही त्याची नको. महत्त्वाची चार पाने त्याची असली तरी पुरे. वर्तमानपत्राचे कात्रण लावायचे असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावावी.

चिकटपट्टी वापरू नका. काही वर्षांत ती तपकिरी होते, सुटते आणि डाग मागे ठेवते. घरची खळ उत्तम. एक वाटी मैदा चार-पाच वाट्या पाण्यात गुठळी न होऊ देता कालवा. मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. बांधणीवाले खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. पण मोरचूद हे विष आहे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात घातले तर भांडेही खाते. घरात लहान पोरे असतील तर मोरचूद नकोच. लागेल तेवढी ताजी खळ करावी, उरलेली टाकावी. खळ पातळ लावा. कागद पाणी पितो आणि फुगतो, वाळताना आकसतो, म्हणून पान वाकडे होते. चिकटवलेल्या पानावर कोरा कागद ठेवा, वर पाट आणि पाटावर वजन. एक रात्र तसेच असू द्या. फोटोला पाठीमागून खळ लावू नका. जाड कागदाचे चार छोटे कोपरे करा, ते पानावर चिकटवा आणि फोटो त्यांत अडकवा. म्हणजे पुढे काढताही येतो.

वहीत काय लावू नये, हे नीट ऐका. जमिनीचे मूळ खरेदीखत, जन्माचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक. ही मूळ कागदपत्रे कधीही चिकटवू नका. ती निराळ्या पिशवीत ठेवा. एका गृहस्थांनी मोठ्या हौसेने खरेदीखत वहीत चिकटवले. दस्ताच्या मागच्या बाजूलाही मजकूर आणि शिक्के होते. कचेरीत दाखवायची वेळ आली तेव्हा अख्खी वही घेऊन जावे लागले आणि पान सोडवताना शिक्का फाटला.

पहिले पान कोणाचे करावे? आम्ही सांगतो, आईचे करा. वर्गात आम्ही एकदा विचारले, "आजोबांच्या वडिलांचे नाव कोणाला माहीत आहे?" पुष्कळ हात वर आले. सातबाऱ्यावर नाव असते, भाऊबंदकीच्या भांडणात निघते. मग विचारले, "आजीच्या आईचे नाव?" एकही हात वर आला नाही. काही जणांना तर स्वतःच्या आजीचे माहेरचे नावही ठाऊक नव्हते. लग्नात नाव बदलले, कुठल्या कागदावर आले नाही, आणि माणसाबरोबर गेले. आता सरकारनेही हे मनावर घेतले आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव लागते. पण मागच्या बायांचे काय? त्यांची नावे आपणच लिहायची.

त्या काकूंच्या आईचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्या मुळशीत फोटो कोण काढणार? गाठोड्यात लुगड्याचा एक तुकडा मात्र होता. काकूंनी त्याची बोटभर किनार कापून पानाच्या कडेला लावली. मधे आईचे माहेरचे नाव लिहिले, मग सासरचे, मग दोन्ही गावांची नावे. नातीने ते मोठ्याने वाचले. पणजीचे नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. खाली काकूंनी लिहिले, की आई भल्या पहाटे दळायला बसायची आणि ओव्या म्हणायची. आठवल्या तेवढ्या तीन ओव्याही लिहिल्या.

या ओव्यांचे मोल थोर आहे, बरं का. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्याहून काम करून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी तालुक्यातल्या कितीतरी बायांच्या ओव्या त्यांत आहेत आणि म्हणणाऱ्या बाईचे नावही नोंदलेले आहे. पिठाची गिरणी आली, जाते थांबले, आणि ओवीही थांबली. जी लिहिली गेली ती राहिली. मुळशी धरणाचेही तसेच. 1921 साली सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला, त्याची हकीकत पुस्तकांत आहे. पण पाण्याखाली गेलेल्या घरांत कोणाची ओसरी कशी होती, परड्यात कुठली झाडे होती, ते पुस्तकात कुठून येणार? आज आमच्या बाजूला हिंजवडीची वस्ती वाढत येते आहे. भातखाचरांवर इमारती उभ्या राहतात. ते बरे की वाईट, त्यावर लोक चावडीवर वाद घालतात. आम्ही एवढेच म्हणतो, की खाचर विकायच्या आधी त्याचा एक फोटो काढा, कागदावर छापून घ्या आणि त्या खाचराला घरात काय नावाने हाक मारत होता ते शेजारी लिहा. फोटो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल पाण्यात पडतो, आणि सारे फोटो जातात.

भाताची लोंबी वहीत लावावीशी वाटेल. लावू नका. दाण्याला कीड येते आणि मग ती पाने खाते. लोंबी संक्रांतीच्या कार्डावर शोभते, तिथे लावा. वहीत तिचे चित्र काढा.

आपल्याकडे पाऊस फार. पावसाळ्यात वही भिंतीला लावून ठेवू नका, ओल धरते आणि बुरशी येते. जाड सुती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा. सोबत वेखंडाचा तुकडा आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, म्हणजे कसर लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडला की वही बाहेर काढा. उन्हात नको, रंग उडतात. ओसरीत वाऱ्यावर, पाने उलगडून, एक दिवस ठेवा. त्या दिवशी घरात जे कोणी असेल त्याच्याकडून एक पान लिहून घ्यावे आणि पानाच्या खाली तारीख घालावी.