ऊन आहे म्हणून काच पक्की होत नाही

"ऊन कितलं शे भाऊ! अर्ध्या तासात कडक होतं, न्या गाडी."

धुळ्याच्या देवपुरात गाडीची काच बदलून घेतलेल्या बहुतेकांनी हे वाक्य या ना त्या रूपात ऐकलेलं असतं. काच बसवणारा ते ठामपणे सांगतो, गाडीवाला मान डोलावतो आणि काच बसल्या बसल्या गाडी आग्रा रोडला लागते. दोघांच्याही मनात खोट नसते, पण वाक्य साफ चुकीचं आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाच्या पुढे सरकला की ते जास्तच जोरात म्हटलं जातं, आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यात धोक्याचं असतं.

आजच्या बहुतेक मोटारींची पुढची काच पॉलियुरेथेन नावाच्या चिकट पदार्थाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. कारागीर त्याला नुसतं 'पीयू' म्हणतात. पॅनोरमिक सनरूफची न उघडणारी काचही याच पीयूवर बसते. हा पदार्थ रंगासारखा किंवा फेविकॉलसारखा पाणी उडून जाऊन वाळत नाही. त्याचं उलट आहे. तो हवेतला दमटपणा शोषतो, त्या पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून तो रबरासारखा चिवट बनतो. ही क्रिया बाहेरून आत सरकते. वरची साय लवकर धरते, आतला गर मात्र कितीतरी वेळ मऊच राहतो. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर अशा पीयूचा वेग साधारणपणे २४ तासांत ३ ते ४ मिलिमीटर असतो. हे आकडे बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांतच छापलेले असतात, कुणीही मागून पाहावेत. वरून बोट लावून "बघा, हाताला लागत नाही" म्हणणारा माणूस तुम्हाला फक्त साय दाखवत असतो.

आता यात खान्देशातला उन्हाळा घाला. दुपारच्या हवेत आर्द्रता जेमतेम पंधरा-वीस टक्के. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा सहज साठ-सत्तर अंशांवर जातो, त्यावर पाणी शिंपडलं तर लगेच सुकतं. आणि बहुतेक पीयूंच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की हवा, काच आणि पत्रा, तिन्ही ५ ते ४० अंशांच्या दरम्यान हवेत. काही प्रकारांत ही मर्यादा ४५ पर्यंत जाते. म्हणजे दुपारी दोन वाजता दारासमोर उन्हात काच चिकटवणं हे बनवणाऱ्याच्याच सूचनेविरुद्ध आहे. तापल्या पत्र्यावर पीयूची लड टाकली की काच उचलून आणेपर्यंत तिच्यावर साय धरू लागते. सायीवर काच ठेवली की ती टेकते, चिकटत नाही. बाहेरून काम फर्स्टक्लास दिसतं. पहिल्या पावसात डॅशबोर्डवर ओल दिसली की मग "काच डुप्लिकेट निघाली" म्हणून बोंब!

बरं, ऊन चालत नाही तर काय चालतं? सकाळी सहा-सातची वेळ, सावली, गार पत्रा. आदल्या रात्री गाडी पोर्चमध्ये किंवा निंबाखाली लावून ठेवली असेल तर उत्तम. फांद्यांवरचा कचरा मात्र आधी झाडून घ्यावा, कारण प्रायमर, म्हणजे पीयूखालचं अस्तर, लावलेल्या कडेवर धुळीचा थर बसला की पीयू धुळीला चिकटतो आणि पत्रा कोराच राहतो. वावटळीच्या दिवसांत उघड्या रस्त्यावर हे काम करूच नये. काच बसल्यावर गाडी किती वेळ हलवायची नाही, हे पीयूच्या प्रकारावर ठरतं. काहींना तासभर पुरतो, काहींना अर्धा दिवस लागतो. तो आकडा पीयूच्या नळीवर किंवा माहितीपत्रकात असतो. अमेरिकेत काच बसवणाऱ्यांच्या मानकात हा वेळ ग्राहकाला सांगणं बंधनकारक आहे. आपल्याकडे कुणी सांगत नसेल तर आपण विचारावं, आणि उत्तरादाखल कुणी वर सूर्याकडे बोट केलं तर सरळ नळी दाखवायला सांगावं.

नळी हातात आलीच आहे तर तिच्यावरची तारीखही पाहून घ्या. पीयूचं आयुष्य साधारण नऊ महिने ते वर्षभर, आणि तेही २५ अंशांखाली ठेवला तर. पत्र्याच्या टपरीत एप्रिल-मे काढलेली नळी आतून घट्ट होत जाते. पिळायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतोय असं दिसलं तर ती नळी बाजूला ठेवायला सांगायची. यात संकोच कसला? आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतोच की.

मला या गैरसमजाचा राग येतो, पण तो आला कुठून तेही माहीत आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. त्यामुळे ट्रकच्या काचा बदलणारे हात इथे पूर्वीपासूनचे आणि ते हात खरोखर कसबी. जुन्या ट्रक, जीप आणि जुन्या धाटणीच्या पिकअपची पुढची काच चिकटवलेली नसते, ती जाड रबरात अडकवलेली असते. ते काम पाहण्यासारखं असतं. काचेच्या कडेने रबर चढवायचं, रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळीएवढी दोरी सगळीकडून ओवायची, साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. एकजण बाहेरून तळहाताने थापट्या मारतो, दुसरा केबिनमध्ये बसून दोरीचं टोक हळूहळू ओढतो. दोरी सुटत येते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत बसतो. दोरी हातात आली की काम संपलं. तिथे चिकटायचं काही नसतंच, त्यामुळे ट्रक लगेच लळिंगच्या दिशेने निघाला तरी बिघडत नाही. 'लगेच न्या' हे त्या काचेच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. काच चिकटवायचे दिवस आले, सल्ला मात्र तोच राहिला.

आपल्या गाडीला कुठली पद्धत आहे हे पाहणं सोपं आहे. काचेभोवती जाड रबर असेल आणि त्याचा ओठ नखाने उचलता येत असेल तर ती रबरातली काच. कडेला काळी रुंद पट्टी छापलेली असेल आणि रबर नावापुरतंच असेल तर ती चिकटवलेली. ती काळी पट्टी शोभेची नाही. सूर्याचे अतिनील किरण पीयूला कुजवतात, त्यांच्यापासून ती पट्टी त्याला झाकते. आणि पुढची काच नुसता वारा अडवत नाही. अनेक मोटारींत डावीकडच्या सीटपुढची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. काच अर्धवट चिकटलेली असेल तर त्या वेळी आधार कशाचा?

याच रांगेतलं दुसरं वाक्य: "सिलिकॉन मारून देतो, पाणी येणार नाही." सिलिकॉन बाथरूमच्या फटींसाठी ठीक आहे. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन कडेच्या पत्र्याला गंजही चढवतं. वर त्याचा पातळ थर एकदा का काठावर बसला की पुढे चांगला पीयू लावला तरी तो धरत नाही. ते खरवडून काढण्यात पुढच्या कारागिराचा अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देतं ते सांगायला नको.

आता सनरूफ. देवपुरात पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा येतात: रावेर-यावलची केळी, पिंपळनेरची भाजी, दुधाचे कॅन. यांतल्या एकीलाही कारखान्यातून सनरूफ येत नाही. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी असते, तिला दोन-दोन काचांची छपरं असतात आणि घरी येऊन ती बदलणारेही असतात. मोबाइलवर ते व्हिडिओ पाहून इथे कुणी केबिनचं छत कापून घ्यायला निघालं तर थांबवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. धुळ्याची एमएच-१८ असो की जळगावची एमएच-१९, नियम एकच. छताचा कापलेला आडवा पट्टा गाडी उलटली तर तुमचं डोकं वाचवणारा असतो, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये.

पण त्याच पिकअप मालकाच्या दारात आता क्रेटा, नेक्सॉन किंवा स्कॉर्पिओ-एन उभी असते, आणि सनरूफचा प्रश्न तिथे खरा आहे. "सनरूफची काच बदलायची म्हणजे अख्खं छत उतरवावं लागतं," ही त्यातली मोठी भीती. उघडणारी काच तिच्या चौकटीसकट तयार मिळते आणि बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंच्या मोजक्या स्क्रूंवर बसलेली असते. आतलं छत उतरवावं लागत नाही, पीयू लागत नाही, म्हणून हे काम घरी चांगलं होतं. वेळ जातो तो सफाईत. टणक केलेली काच फुटली की तिचे हजारो बारीक दाणे होतात आणि ते रुळांत, मोटरपाशी, पाण्याच्या नळ्यांत शिरतात. व्हॅक्यूम न आणता आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. नवी काच बसल्यावर छताच्या पातळीवरून बोट फिरवून पाहायचं. पुढची कड छतापेक्षा किंचित खाली, मागची किंचित वर असली म्हणजे वारा शिट्टी घालत नाही. मग मोटरला नव्याने हद्द शिकवावी लागते, नाहीतर अडथळा आला तर मागे फिरण्याची तिची सोय चुकते. शेवटी छतावर तांब्याभर पाणी ओतून पाहायचं.

पाणी आत आलं म्हणजे रबर गेलं, हा समज तर कारागिरांतही आहे. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हळ केलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांमधून खाली सोडलेल्या असतात. आपल्याकडे त्या धुळीने आणि निंबाच्या काड्यांनी तुंबतात. २०२३ मध्ये धबधब्याखाली उभ्या केलेल्या एका स्कॉर्पिओ-एनचा व्हिडिओ देशभर फिरला तेव्हा सनरूफच्या गळतीचीच चर्चा झाली. पावसाळ्याआधी नळ्या हलक्या हवेने मोकळ्या करा. कडेने सिलिकॉन भरलं तर काच उघडायची बंद होते आणि पाणी दुसरी वाट शोधतं.

"धुळ्याच्या उन्हाने सनरूफ फुटलं." नाही. उघडणारी काच ६०० अंशांच्या वर तापवून, हवेच्या झोताने एकदम थंड करून टणक केलेली असते आणि जवळपास २०० अंशांचा फरक सहज सोसते. कडेला बसलेला खडा, कसून आवळलेला स्क्रू किंवा क्वचित काचेतच राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण, ही खरी कारणं. पुढच्या काचेचं वेगळं आहे. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, टणक नसते. खडीच्या डंपरने दिलेली चीर तिच्यात आधीच असेल तर तापल्या काचेवर बादलीभर पाणी किंवा पूर्ण जोरात एसी सोडला की ती चीर पळते. मेहनत खड्याची, नाव उन्हाचं.

"मोठी काच आणून कापून बसवू." टणक केलेली काच कापता येत नाही, कापायला गेलात तर हातात दाणे येतील.

"सगळ्या काचा सारख्याच." कोपऱ्यातला शिक्का वाचा: आयएसआय खूण, आयएस २५५३ हा क्रमांक आणि काच कुठल्या प्रकारची आहे ते. शिक्काच नसेल तर बिल कितीही कमी असो, नको म्हणा.

"सनरूफमधून पोरांना उभं करायला काय होतं?" ब्रेक दाबल्यावर कळतं. वरातीतही नको.

"काचेवर विमा अर्धेच पैसे देतो." फुल इन्शुरन्स असेल तर उलट आहे. नेहमीच्या मोटार विम्यात रबर, नायलॉन, प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर शून्य. खाजगी मोटारीला तुमच्या वाट्याची सक्तीची रक्कम १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये, ती मात्र जाते. क्लेम केल्यावर नो क्लेम बोनस राहतो की जातो, हे पॉलिसीच्या कलमांत बघूनच फोन करा, कारण छोट्या काचेपेक्षा पन्नास टक्क्यांचा बोनस महाग पडू शकतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर काचेचा एक रुपयाही मिळत नाही. आणि जुनी काच काढायच्या आधी, नंबरप्लेट दिसेल असे फोटो घेऊन ठेवा. काढल्यावर विमा कंपनीने मागितले तर कुठून आणणार?