दांत भरण्याची राळ आणि उष्णता

थंडीच्या दिवसांत रात्रीं लावलेलें विरजण सकाळपर्यंत नीट लागत नाहीं. आणि घाईनें कढत दुधांत विरजण घातलें, तर दहीं बिघडतें. हा अनुभव घरोघरीं येतो. किडलेल्या दांतांतील पोकळी भरण्यासाठीं दंतवैद्य जी कृत्रिम राळ वापरितात, तिचीही गोष्ट कांहींशी अशीच आहे. विरजणांत सूक्ष्म जंतु काम करितात, तर राळेंत केवळ रसायनांचा व्यापार चालतो, हा भेद खरा. परंतु थंडीनें काम अपुरें राहावें व अति उष्णतेनें अपाय व्हावा, ही गोष्ट दोहोंस सारखीच लागू आहे.

पूर्वीं दाढांत बहुधा चांदी व पारा यांचें मिश्रण भरीत. पुढें ॲक्रिलिक राळ वापरून पाहिली. पण ती घट्ट होतांना फार आकसे, व कडेच्या फटींतून कीड पुन्हां आंत शिरे. अमेरिकेंतील राफेल बोवेन यांनीं मोठ्या रेणूंची नवी राळ तयार करून तींत गारेच्या जातीची बारीक पूड मिसळली. त्याचें पेटंट त्यांस १९६२ सालीं मिळालें. आजच्या बहुतेक राळा त्याच वंशांतल्या आहेत.

ही राळ प्रथम लुकणासारखी मऊ असते. तींत कापरापासून बनणारें एक पिवळें द्रव्य अल्प प्रमाणांत असतें. सुमारें ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश पडतांच तें द्रव्य जागृत होतें, आणि रेणू एकमेकांचे हात धरून लांब सांखळ्या व जाळीं बनवूं लागतात. मग कांहीं सेकंदांतच राळ कठीण होते.

येथें कोणी विचारील, काम जर प्रकाशाचें, तर उष्णतेचा संबंध काय? त्याचें उत्तर असें कीं, प्रकाश आरंभ करून देतो. परंतु पुढें हात धरण्यासाठीं रेणूंस हालचाल करावी लागते. जाळें वाढेल तसतशी राळ दाट होते, रेणू जागच्या जागीं अडकतात, व कित्येकांचे हात मोकळेच राहतात. साधारणतः शेंकडा ५५ ते ७५ बंधच पुरे होतात. राळ ऊबदार असेल, तर रेणू अधिक काळ हलूं शकतात व अधिक बंध जुळतात. शीतकपाटांतून काढलेली गार राळ तशीच वापरली, तर ती दांतांत नीट बसत नाहीं, आणि तींत न जुळलेले रेणूही अधिक उरतात. असें भरण लवकर झिजतें.

म्हणून कांहीं दंतवैद्य राळ सुमारें ५५ ते ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून घेतात. तापल्यावर ती पातळ होऊन कानाकोपऱ्यांत सहज शिरते. मात्र येथें हात चपळ हवा. कारण उपकरणांतून काढल्यावर दोनच मिनिटांत तिची जवळजवळ निम्मी वाढीव ऊब निघून जाते.

दोन लगदे कालवून घट्ट होणारी राळही असते. तीस प्रकाश लागत नाहीं. पण उष्ण हवेंत ती भराभर घट्ट होते, व वैद्यास काम उरकण्यास थोडाच अवधि मिळतो.

आतां उष्णतेची दुसरी बाजू पाहूं. दांताच्या आंत रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांचा मृदु गाभा असतो. १९६५ सालीं झॅक व कोहेन या संशोधकांनीं माकडांच्या दांतांवर प्रयोग केले. गाभ्याची उष्णता ५.५ अंशांनीं वाढली, तेव्हां शेंकडा १५ दांतांचा गाभा पुन्हां बरा झाला नाहीं. राळ घट्ट होतांना स्वतः उष्णता सोडते, आणि प्रखर दिवाही दांतास तापवितो. यास्तव खोल पोकळींत वैद्य दिवा बेतानें धरितात, मध्यें थांबतात, हवेचा झोत सोडतात, व राळ साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या थरांनीं भरितात, म्हणजे प्रकाश तळापर्यंत पोंचतो.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, दंतवैद्यानें "आणखी थोडा वेळ तोंड उघडें ठेवा" म्हटलें, तर कंटाळूं नका. त्या थोड्या क्षणांतच रेणूंचे हात जुळत असतात. पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, भरण कितीही उत्तम असलें, तरी मूळच्या दांताची सर त्यास येत नाहीं. रोज दोन वेळां दांत घासणें व गोड बेतानें खाणें, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.