रायफल तर घेतली, आता साइट कोणती घ्यावी?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ब्राँझपदक पटकावले. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांत रायफलीचा विषय निघू लागला आहे. मुले क्लबात जाऊ लागली आहेत आणि आईबाप खिसा चाचपू लागले आहेत. आमच्या बहिणीचा मुलगाही त्यातलाच. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माणसाने बंदुकीच्या साइटवर का लिहावे, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. या व्यवहारात आम्ही फसलो आहोत, आणि खरेदीत फसल्याची हकिकत या पानावर सांगायची नाही तर कुठे सांगायची?

प्रथम रायफलीविषयी थोडेसे. नवशिक्यासाठी जी रायफल सुचवतात ती .२२ बोअरची, जिला क्लबात सगळे पॉइंट टू-टू म्हणतात. तिच्या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून तिला रिमफायर हे नाव. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे. धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा आणि गोळी इतर काडतुसांच्या मानाने स्वस्त. आपल्याकडे ती लायसन्सशिवाय बाळगता येत नाही. क्लबाचा सभासद होऊन क्लबाच्याच रायफलीवर देखरेखीखाली सराव करावा, हाच सुरुवातीचा रस्ता. आमच्या भाच्याने दीड वर्ष तसेच केले. मग कागदपत्रे पुरी झाल्यावर एका जुन्या सभासदाची बोल्ट ॲक्शन रायफल रीतसर विकत घेतली. रायफल जुनी, पण नळी स्वच्छ होती. तिच्यावर कारखान्याची साधी उघडी साइट होती.

खरा सवाल इथून सुरू झाला. भाचा म्हणाला, ‘‘मामू, या साइटवर माझे गोळे पांगतात. दुर्बीण घेऊ या.’’ बहिणीने भिशीचे पैसे आमच्या हाती दिले आणि म्हणाली, ‘‘भाईजान, तुम्ही बाजारातले माणूस, तुम्हीच बघा.’’ आम्ही बाजारातले खरे, पण तो बाजार वेगळा होता.

दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक लांबलचक दुर्बीण काढली. ६ ते २४ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ५० मिलिमीटरची, आत लाल-हिरवा दिवा. दुकानातून समोरच्या इमारतीवरची पाटी अशी दिसली की जणू हातात धरली आहे. आम्ही रोज गिऱ्हाइकाला सांगतो की चमक पाहून कापड घेऊ नका, ती खळीची असते, एका धुण्यात उतरते. त्या दिवशी आम्हीच खळीला भुललो. एकवीस हजार मोजले आणि घरी आलो.

पहिली अडचण बसवण्याची. रायफलीच्या माथ्यावर दोन बारीक समांतर खाचा होत्या, ज्यांची रुंदी ११ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन अष्टमांश इंच असते. बहुतेक रिमफायर रायफलींवर हीच खाच असते. दुर्बिणीबरोबर मिळालेल्या रिंगा होत्या रुंद रेल्वेच्या, म्हणजे सात अष्टमांश इंचाच्या पट्टीवर बसणाऱ्या. मोठ्या रायफलींवर आणि काही नव्या .२२ वरही ही पट्टी असते. दोन्हींचा एकमेकींशी मेळ नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी आपल्या रायफलीवर खाच आहे की पट्टी, हे मोजून कागदावर लिहून न्यावे. दुर्बिणीच्या नळीचे मापही पाहावे. ती बहुधा एक इंचाची किंवा ३० मिलिमीटरची असते. जुन्या स्वस्त मालात पाऊण इंचाचीही सापडते. रिंगा त्याच मापाच्या हव्यात. रिंगा बदलायला आणखी पैसे गेले.

दुसरी अडचण रेंजवर कळली. भाचा ५० मीटरवर झोपून गोळ्या मारत होता. टेकू घट्ट, श्वास बरोबर, तरी गोळे एका जागी येईनात. तिथल्या कोचने रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि आम्हाला सांगितले, ‘‘शेठ, रायफलीला हात लावू नका. फक्त डोके किंचित डावी-उजवीकडे हलवा आणि क्रॉस कुठे जातो ते बघा.’’ आम्ही पाहिले. रायफल जागची हलली नव्हती, पण काळ्या टिकलीवरचा क्रॉस सरकत होता. याला पॅरेलॅक्स म्हणतात.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण दुकानदार याबद्दल बोलत नाहीत. साधी दुर्बीण कारखान्यात एका ठराविक अंतरासाठी जुळवलेली असते. मोठ्या रायफलीची असेल तर १०० ते १५० यार्डांवर, रिमफायरसाठी खास बनवलेली असेल तर बहुधा ५० यार्डांवर. त्या अंतरावर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडत नाही. दुसऱ्या अंतरावर पडतो. हिशेब असा: पुढची काच ४० मिलिमीटरची आणि जुळवणी १०० मीटरची असेल, तर ५० मीटरवर जास्तीत जास्त १० मिलिमीटरची चूक होऊ शकते आणि २५ मीटरवर १५ मिलिमीटरची. आता ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटमधील दहाचे वर्तुळ किती मोठे, तर १०.४ मिलिमीटर. म्हणजे हात न हलता, श्वास न चुकता, केवळ गाल लाकडावर वेगळ्या जागी टेकला म्हणून दहाची गोळी बाहेर जाऊ शकते. आमची काच तर ५० मिलिमीटरची. पुढची काच जितकी मोठी तितकी ही चूक वाढते. काही दुर्बिणींना अंतर जुळवण्याची कडी असते, पण ती १० किंवा २५ मीटरपासून सुरू होते की ५० पासून, ते कडीवरचे आकडे वाचूनच कळते. आमच्या दुर्बिणीची कडी १०० पासून सुरू होत होती. आम्ही कडी फिरवून पाहिली होती, आकडे वाचले नव्हते.

चोवीस पटीचे काय झाले? कापडाच्या धंद्यात आम्ही एक इंची पिक ग्लासने उभे-आडवे धागे मोजतो. जास्त ताकदीचा भिंग घेतला तर धागा दोरखंडाएवढा दिसतो, पण मोजता मोजता जागा हरवते. इथेही तेच. चोवीस पटीवर भाच्याच्या हाताचा कंप एवढा मोठा दिसू लागला की टिकली मध्यावर येईल तेव्हा तो घाईने घोडा ओढू लागला. कंप पूर्वीही होता, तो दिसत नव्हता इतकेच. शिवाय उजेडाचाही हिशेब आहे. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी निघते. चार पटीची ३२ मिलिमीटरची दुर्बीण असेल तर झोत ८ मिलिमीटरचा. आमच्या चोवीस पटीला तो जेमतेम २ मिलिमीटरचा. डोळा केसभर सरकला की काळोख.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या वर्मी लागली. भाच्याला क्लबाच्या स्पर्धेत उतरायचे होते. कोच म्हणाला, ‘‘स्पर्धेत ही चालणार नाही.’’ आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या ५० मीटर रायफलीच्या प्रकारांत मोठे करून दाखवणारी कुठलीही काच साइटमध्ये चालत नाही. कुसाळे यांनी ते पदक दुर्बिणीने मिळवलेले नाही, बारीक भोकाच्या पीप साइटने मिळवले आहे. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे सुवर्ण जिंकणाऱ्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांचेही तेच. चष्म्याच्या नंबराची काच लावण्याची मुभा आहे, पण वस्तू मोठी दाखवणारी नाही. एवढी साधी बाब आम्ही पैसे मोजण्यापूर्वी एका माणसालाही विचारली नव्हती.

दुकानदाराकडे गेलो. त्याने खोका फुटला आहे, रिंगांचे वळ नळीवर पडले आहेत, असे सांगून हात वर केले. त्याचे म्हणणे आमच्याच पेढीवरच्या पाटीसारखे होते: फाडलेला माल परत घेतला जाणार नाही. भांडायला तोंड नव्हते.

आता साइटचे प्रकार पाहू. उघडी साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी. आमच्या उर्दू शाळेत ‘शिस्त बांधना’ म्हणजे नेम धरणे असे शिकवले होते. मराठीत आल्यावर शिस्तीचा अर्थ वेगळा लागला, पण उघड्या साइटला दोन्ही अर्थ लागू पडतात. खाच, माशी आणि टार्गेट या तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. नजर माशीवर ठेवावी, टार्गेट धूसर दिसले तरी चालेल. नवशिका उलट करतो. खाच आणि माशीमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर असेल आणि माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, तर ५० मीटरवर गोळी १०० मिलिमीटर बाजूला जाते. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब मुलाला कागदावर करून दाखवला तर तो माशीकडे पाहू लागतो. पहिले दोन-तीन महिने याच साइटवर काढावेत असे आमचे मत आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

पीप साइटमध्ये मागे खाचेऐवजी साधारण एक मिलिमीटरचे भोक असते आणि पुढे माशीऐवजी एक कडी. भोकातून कडी, कडीत काळी टिकली, टिकलीभोवती पांढऱ्या कागदाची सारखी किनार. वर्तुळात वर्तुळ मध्यावर आणणे डोळ्याला आपोआप जमते. बारीक भोकातून पाहिल्याने जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. हे आम्ही स्वतः अनुभवले. आमचे वय छप्पन्न, जवळचा चष्मा लागलेला. उघड्या साइटवर माशी आम्हाला कापसाच्या बोंडासारखी दिसली. कोचने क्लबाच्या रायफलीवर पीप साइटमागे बसवले, तेव्हा कडीही दिसली आणि टिकलीही. दहापैकी सात गोळ्या काळ्यात गेल्या. भाचा हसला नाही, एवढे खरे. घेताना पुढच्या कड्या वेगवेगळ्या मापांच्या मिळतात का आणि मागच्या भोकाचे माप बदलता येते का, हे विचारावे. कडी फार तंग घेण्याची हौस मुलांना असते. थोडी सैल बरी.

लाल ठिपक्याची साइट हल्ली मुलांना फार आवडते. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, नेम लवकर लागतो. डबे, लोखंडी पाट्या पाडायला ती उत्तम. पण तीन मिनिटांचा ठिपका ५० मीटरवर सुमारे ४४ मिलिमीटर जागा झाकतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या चौपटीहून अधिक. डोळ्यांत ॲस्टिग्मॅटिझम असेल त्याला ठिपका गोल न दिसता फुटलेला किंवा शेपटी असलेला दिसतो. अशा वेळी दोष मालाचा नसतो, आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे. खरे तर कोणतीही साइट घेण्याआधीच जावे.

स्पर्धेचा विचार नाही, फक्त शौक आहे, किंवा डोळ्यांनी साथ सोडली आहे, त्यांनी दुर्बीण जरूर घ्यावी. आमची शिफारस चार पटीची एकच ताकद असलेली, ३२ मिलिमीटरची, ५० यार्डांवर जुळवलेली. बदलती ताकद हवीच असेल तर २ ते ७ किंवा ३ ते ९. .२२ ला धक्का नसल्याने फार भक्कम बांधणीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. याला अपवाद स्प्रिंगच्या एअर रायफलीचा. तिचा झटका मागे आणि पुढे दोन्हीकडे बसतो आणि साध्या दुर्बिणी तो मोडून टाकतो. दुर्बीण दुकानात दिव्याखाली पाहू नये. संध्याकाळी बाहेर नेऊन सावलीतली वस्तू पाहावी, काचेची प्रत तेव्हा कळते. नामांकित नावाचा नकली मालही बाजारात फिरतो. पावती, नंबर आणि वॉरंटीचा कागद यांशिवाय व्यवहार करू नये.

क्लिकचा हिशेबही समजून घ्यावा. पाव मिनिटाची एक क्लिक ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरकवते, २५ मीटरवर निम्मी. गोळ्यांचा झुबका ३६ मिलिमीटर डावीकडे पडला तर दहा क्लिक उजवीकडे. क्लिक खऱ्या आहेत का, हे तपासण्याची रीत कोचने शिकवली. पाच गोळ्या माराव्यात. मग नेम तोच ठेवून वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली, दर वेळी पाच गोळ्या. टार्गेटवर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा झुबका पहिल्यावर बसला पाहिजे. आमच्या एकवीस हजारांच्या दुर्बिणीचा शेवटचा झुबका पहिल्यापासून दोन बोटे लांब पडला.

आणि ५० मीटरवर शून्य केलेली रायफल १०० वर तशीच चालेल असे समजू नये. ५० यार्डांवर जुळवलेल्या साध्या वेगाच्या .२२ ची गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली येते. काडतुसाची छाप बदलली तरी शून्य बदलते, म्हणून एकाच छापाचे दोन-चार डबे एकदम घ्यावेत.

बहिणीची रक्कम आम्ही दोन हप्त्यांत फेडली. पहिला हप्ता पीप साइटच्या रूपाने दिला, ती आता भाच्याच्या रायफलीवर आहे. दुसरा रोख. दुर्बीण पेढीवरच्या कपाटात आहे. परवा आमच्या मुनीमाने तिच्यातून समोरच्या दुकानातल्या थानावरची भावाची चिठ्ठी वाचून दाखवली.