कोकणकड्यावर ज्याचं त्याचं इंद्रवज्र

इंद्रधनुष्य खरं तर पूर्ण गोल असतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. जमीन आड येते म्हणून आपल्याला त्याची नुसती कमान दिसते. पण आज मी सांगणार आहे ते इंद्रधनुष्य नव्हे. त्याहून खूप लहान, सगळ्या बाजूंनी पुरं, आणि बरोबर मधोमध आपल्याच डोक्याची सावली. डोंगरात फिरणारी आपली माणसं त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते मी हरिश्चंद्रगडावर पाहिलं. एकटा असतो तरीही पाहिलं असतं, पण त्यातला सगळ्यात नवलाचा भाग मला कळलाच नसता. त्याला मित्रच लागतात.

आम्ही पाच जण होतो. एक शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याला आम्ही मास्तरच म्हणायचो. एकाचं औषधांचं दुकान, एक एसटीत कंडक्टर, एक बँकेत, आणि मी. गणपती उठले की सगळ्यांना डोंगराचे वेध लागायचे. पाऊस ओसरायला लागलेला असतो, पण गेलेला नसतो. पठारांवर सोनकीची पिवळी फुलं आणि तेरड्याची गुलाबी, दोन्ही एकदम येतात. माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून चालत खिरेश्वर गाठायचं आणि तिथून तोलार खिंड. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. त्याच्यापाशी सॅक टेकवून पाणी प्यायचं, मग कातळाचा टप्पा चढायचा, आणि मग एकामागून एक टेकड्या. गडावरचं देऊळ आलं असं दर टेकडीला वाटतं.

त्या चढावर करवीची दाट झुडपं लागतात. ही करवी सात वर्षं नुसती पानं काढत वाढते आणि मग सगळी एकाच वर्षी फुलते. अख्खे उतार जांभळे होतात. बी धरलं की ती झाडं मरतात. तिच्या काठ्या लिंपून खाली गावात घरांचे कूड करतात, म्हणजे भिंती. कंडक्टर मित्राचं बालपण अशाच घरात गेलेलं. प्रत्येक वळणावर तो करवीच्या खोडाला हात लावून पुढे जायचा.

आणि पायाखालचा काळा दगड पाहिलात का? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा, भाकऱ्यांची चवड रचावी तसा. समोरच्या डोंगरात आडव्या रेघा दिसतात ना, त्या याच थरांच्या. मधूनमधून एखादा तांबूस पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात त्या थरावर ऊनपाऊस पडला, दगड कुजून माती होऊ लागली, तिची ती खूण. मास्तर अशा पट्ट्याला बोट लावायचा आणि म्हणायचा, इथे हजारो वर्षं शांतता होती.

देवळाशेजारच्या गुहेत मुक्काम, गावातल्या बाईंनी केलेलं पिठलं-भाकरी, आणि केदारेश्वराच्या लेण्यातल्या कमरेएवढ्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा. तिथलं पाणी इतकं थंड असतं की बोलणंच बंद होतं. त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी सांगेन. आज मला तुम्हाला कोकणकड्यावर न्यायचंय.

गडाच्या पश्चिम टोकाला जमीन एकदम संपते. समोर काही नाही, खाली शेकडो मीटरांवर कोकणातली भातखाचरं. कडा सरळसुद्धा नाही. तो आत खोबणीसारखा कोरलेला, अर्धगोल आणि वरच्या बाजूला पुढे झुकलेला आहे. म्हणून काठावर उभं राहून खाली वाकायचं नाही. पोटावर झोपायचं, सरपटत पुढे जायचं, मित्राने पाय धरायचे आणि मग फक्त डोकं बाहेर काढायचं. हा नियम आमच्यात कोणी मोडत नसे.

डोकं बाहेर काढलं की पहिली गोष्ट कळते ती वाऱ्याची. तो समोरून येत नाही, खालून येतो. अरबी समुद्रावरून निघालेला वारा कोकणाची पट्टी सहज ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीला भिडतो. पुढे जायला जागा नाही, म्हणून वर चढतो. कोकणकड्याच्या अर्धगोलात तर तो सगळीकडून कोंडला जातो आणि एका झोतात वर उसळतो. आम्ही करवीचं पान खाली टाकायचो. ते थोडं खाली जायचं, थबकायचं आणि आमच्या डोक्यावरून मागे उडून जायचं. भर पावसाळ्यात काठावरून पडणारं पाणीही असंच उलटं वर येतं.

वर चढणारी हवा फुगते आणि थंड होते. दर शंभर मीटरला साधारण एक अंश. थंड होता होता तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात आणि ढग तयार होतो. म्हणजे कोकणकड्यावर ढग नुसता येत नाही, तो तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्या पायांखाली जन्मतो.

त्या सकाळी असंच झालं. सूर्य आमच्या पाठीमागच्या शिखरांवरून वर आलेला. कड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दरी अजून सावलीत आणि तिच्यातून पांढरा ढग हळूहळू वर येत होता. ढग आमच्या पातळीच्या थोडा खाली आला, त्यावर उन्हाने आमच्या सावल्या टाकल्या, आणि औषधांच्या दुकानवाला ओरडला, "अरे, माझ्या डोक्याभोवती बघा!"

बँकवाला म्हणाला, "तुझ्या कुठे? माझ्या डोक्याभोवती आहे."

मी पाहिलं तर रंगांचं वर्तुळ स्वच्छ माझ्या डोक्याच्या सावलीभोवती होतं. आत निळसर, बाहेर तांबडं, आणि त्या वर्तुळाबाहेर तसंच आणखी एक, फिकट. शेजारच्या चार सावल्या नुसत्या काळ्या. कुणी चेष्टा करतंय असं प्रत्येकाला वाटलं. मग मास्तरने सूत्रं हातात घेतली. त्याने बँकवाल्याला आणि मला जागा बदलायला लावल्या. वर्तुळ माझ्याबरोबर आलं. त्याने हात हलवायला सांगितलं. सावलीचा हात हलला, वर्तुळ तसंच राहिलं. मी डोकं उजवीकडे नेलं, वर्तुळही उजवीकडे गेलं. एकेकाने हे सगळं करून पाहिलं आणि एकेकाने तेच सांगितलं. पाच माणसं, एक ढग, एक सूर्य, आणि पाच वर्तुळं. त्यांतली चार मला कधीच दिसणार नव्हती.

का, ते सांगतो. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांनी होतं. तो थेंब मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा. सूर्यकिरण त्यात शिरतो, मागच्या बाजूला आपटून परततो आणि बाहेर पडताना वळतो. आपल्या सावलीच्या डोक्यापासून सुमारे ४२ अंशांवर ते रंग दिसतात, म्हणून त्याची कमान एवढी मोठी. ढगातला थेंब त्यापुढे फारच लहान. एका मिलिमीटरात असे पन्नासेक थेंब ओळीने मावतील. एवढ्या लहान थेंबाच्या कडेला प्रकाश स्पर्शून जातो तेव्हा तो त्या थेंबाभोवती वळसा घालून जवळजवळ आल्या वाटेने परत फिरतो. थेंबाच्या सगळ्या कडांवरून परतलेल्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींत मिसळतात. काही दिशांना तांबड्या लाटा एकमेकींना जोर देतात, काही दिशांना निळ्या, आणि मधल्या दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. त्यातून ही रंगीत कडी उमटतात, अवघ्या काही अंशांची.

आता यातलं "आल्या वाटेने" नीट लक्षात ठेवा. तो प्रकाश सूर्याकडे परत निघालेला असतो. सूर्य आणि ढग यांच्यामध्ये, त्या वाटेवर जो डोळा असेल, त्यालाच तो दिसणार. माझ्या डोक्याच्या सावलीजवळचे थेंब मला प्रकाश देतात, मास्तरच्या सावलीजवळचे मास्तरला.

आमच्या आधीही असाच एक गट असाच चक्रावला होता. १७३५ साली फ्रान्सहून एक तुकडी पृथ्वीचा आकार मोजायला विषुववृत्तावर, आजच्या इक्वेडोरच्या डोंगरांत गेली. तिच्यात फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे होता आणि स्पॅनिश नौदलाचा तरुण अधिकारी अंतोनियो दे उल्योआ होता. एका पहाटे डोंगरमाथ्यावर ढग सरला, सूर्य उगवला आणि समोरच्या धुक्यावर त्यांच्या सावल्या पडल्या. प्रत्येकाला फक्त आपल्या डोक्याभोवती कडी दिसली. त्यांनी ते एकमेकांना विचारून ताडून पाहिलं आणि लिहून ठेवलं. शेजाऱ्याला विचारण्याचं हे साधं काम मला फार मोलाचं वाटतं.

हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र जगाला सांगितलं ते कर्नल साइक्सने. मुंबई सरकारसाठी तो दख्खनभर फिरून हवा, पिकं, पक्षी, सगळ्यांची नोंद करायचा. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. त्यात या गडावरच्या वर्तुळांचं वर्णन आहे. त्याने ती १८३५ साली पाहिली असं पुष्कळ ठिकाणी वाचाल, पण तोवर तो विलायतेला परतला होता. ते साल छापण्याचं.

आणि एक माणूस तर या वर्तुळापायी कुठल्या कुठे गेला. चार्ल्स विल्सन, स्कॉटलंडचा. १८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिस पर्वतावरच्या वेधशाळेत काही दिवस राहायला गेला असताना त्याने ही कडी पाहिली. ती त्याच्या मनातून जाईनात. केंब्रिजला परतल्यावर त्याने काचेच्या भांड्यात ओलसर हवा घेतली, ती एकदम फुगवून थंड केली आणि प्रयोगशाळेतच ढग बनवायला लागला. तेच, जे कोकणकडा रोज करतो. करता करता त्याला कळलं की विजेचा भार असलेल्या कणांभोवती थेंब फार लवकर धरतात. १९११ पर्यंत त्याचं हे ढगांचं भांडं, म्हणजे अभ्रकोष्ठ, असं तयार झालं की त्यातून अणूपेक्षाही लहान कण गेला तर मागे थेंबांची रेघ उमटायची आणि तिचा फोटो घेता यायचा. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. पुढे १९३२ मध्ये पॉझिट्रॉन हा कण अशाच भांड्यात पहिल्यांदा सापडला.

थेंब जितका लहान, तितकं वर्तुळ मोठं. म्हणजे वर्तुळ मोजलं की ढगाला हात न लावता थेंब मोजता येतो. व्हीनस एक्सप्रेस नावाच्या यानाने शुक्राच्या ढगांवर असंच इंद्रवज्र टिपलं. तिथले ढग पाण्याचे नव्हेत, गंधकाम्लाचे. पण कडी तीच. त्यावरूनच तिथल्या थेंबांची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त आहे, असं काढता आलं.

तुम्हाला ते पाहायचंय ना? पावसाळा संपता संपता जाऊ. सकाळी कड्यावर पोचायचं, सूर्य पाठीशी हवा, ढग खाली हवा, आणि पोटावर झोपायचं. ढग जवळ, पंधरा-वीस मीटरांवर असेल तर सावल्या सुट्या आणि ठसठशीत दिसतील, आणि कडं ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती घट्ट बसलेलं असेल. ढग दूर सरला की सावल्या पुसट होतात आणि एकमेकींजवळ येतात. वर्तुळाची रुंदी अंशांत तेवढीच राहते, त्यामुळे तुमच्या एकाच वर्तुळात शेजारचे सगळे मावतात. केंद्र मात्र तेव्हाही तुमचंच. आमच्यासमोर तो ढग असा मागेपुढे होत होता, आणि प्रत्येक वेळी पाच जणांचा हिशेब नव्याने चालायचा.

आणि तोवर विमानात बसायचा योग आला तर सूर्य ज्या बाजूला नाही त्या बाजूची खिडकी मागून घ्या. खाली ढगांवर विमानाची सावली शोधा. तिच्याभोवती कडी दिसतील. मग त्या कड्यांचं केंद्र सावलीच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे ते पाहा. पंखाच्या मागे बसला असाल तर ते पंखाच्या मागे असेल, पुढे बसला असाल तर नाकाजवळ. तुमची सीट कुठली, ते तिथे ढगावर कळतं. तुमची ताई पुढच्या रांगेत असेल तर तिलाही विचारा. तिचं केंद्र तुमच्यापेक्षा थोडं पुढे निघेल.